चालत जाण्यासारखं

मोती चौकातून आत, भांड्यांच्या दुकानावर आमचा लॉज.
बारा खोल्या. लिफ्ट नाही.
माणसं रात्री उशिरा येतात, पहाटे गाडी काढतात,
कासला जातात, ठोसेघरला जातात,
सज्जनगडाच्या पायऱ्या मोजून येतात
आणि निघताना विचारतात, गावात बघण्यासारखं काय?
तोवर बॅग डिकीत गेलेली असते.

सात नंबरमध्ये एकजण नकाशा विसरून गेला.
कुठल्याशा थंड मुलखातली जुनी राजधानी:
नदी, पूल, किल्ला, घड्याळाचा मनोरा,
मधोमध लाल ठिपका, म्हणजे हॉटेल,
आणि ठिपक्यापासून सगळीकडं मिनिटं लिहिलेली.
पूल आठ. मनोरा अकरा.
किल्ला वीस, आणि पुढं पायऱ्यांचं बारीक चित्र.
म्हणजे चढ आहे.
मला ते फार आवडलं, आधी सांगून टाकणं.

राजधानी तर आपलीही होती की.
आणि चढ म्हणाल तर
आपल्याकडं जरा जास्तच.

मग धोब्याच्या यादीमागं मी आमचा काढला.
राजवाडा चार मिनिटं, शाळा सुटल्यावर नऊ.
गोल बाग: बाकं कमी, पेन्शनर जास्त.
चार भिंती पंचवीस, चढ आहे, पाणी घेऊन जावा.
अजिंक्यतारा शून्य मिनिटं, खिडकी उघडून मान वर करा.
आणि कास?
कासचं पाणी पाइपातनं उतरत उतरत गावात येतं,
तेव्हा सकाळी साडेसहाला
बाथरूमचा नळ सोडा.

पोपटशेठनी चष्मा वर करून वाचलं.
म्हणाले, मेव्हण्याचं पेढ्याचं दुकान कुठाय यात?
ते घातलं. दोन मिनिटं.
झेरॉक्सचे पैसे त्यांनीच दिले.

जून संपता संपता एक बाई आल्या.
कालिंदी बेद्रे, मुक्काम अहमदपूर.
रजिस्टरात ‘येण्याचे कारण’ असा एक रकाना आहे.
लोक लिहितात काम, पर्यटन, खाजगी.
काहीजण नुसती रेघ ओढतात.
बाईंनी लिहिलं: मुलगा.
सैनिक स्कूलला सोडून आल्या होत्या,
पत्र्याची ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगानं नाव,
आणि तो.
रात्री जेवल्या का नाही, मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी लातूर गाडी साडेतीनला.
अकरा वाजता खाली येऊन बाकावर बसल्या,
पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर.
मी नकाशा दिला. म्हटलं, ताई, राजवाडा जवळच आहे.
त्यांनी घडी घालून मुठीत धरला
आणि गेल्या.

आल्या तेव्हा दोन वाजून गेलेले.
चपलांना तांबडा चिखल, पदराला कुसळं.
काय काय बघितलं?
म्हणाल्या, शाळा दिसते.
कागद काउंटरवर पसरला, घामानं मऊ झालेला,
आणि बोट ठेवलं, जिथं मी काहीच काढलं नव्हतं:
चार भिंतीच्या जरा वर,
वाट वळायच्या आधी.
तिथनं मैदान दिसतं. पांढरे ठिपके पळत असतात.
त्यातला आपला कुठला ते काय कळत नाही,
पण त्यातलाच एक असणार.

बिल दिलं, सुट्टे मोजून घेतले,
मेव्हण्याकडचे पाव किलो पेढे पिशवीत टाकले
आणि रिक्षा न करता स्टँडवर गेल्या.

पुढच्या झेरॉक्सच्या आधी
मी तिथं पेनानं एक ठिपका केला.
नाव नाही लिहिलं. बत्तीस मिनिटं.
एका रविवारी स्वतः चालून मोजलीत.

लोक विचारतात, इथं काय आहे?
मी सांगतो, दगड आहे एक.
बसता येतं.